तिसरं वाक्य

मी जन्माची भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे माझ्याकडून कुणी धैर्याची वगैरे अपेक्षा ठेवणार नाही. पाल, मोकाट कुत्री, बँकेतला साहेब, वर्गातली मागची बाकं, सगळ्यांना मी घाबरत आले. पण त्या दिवशी स्टाफरूममध्ये प्रिन्सिपल सिस्टरनी स्टीलचं भांडं पुढे केलं, मी त्यातली चिठ्ठी उचलून उघडली, आणि तेव्हा जी भीती वाटली ती ह्या सगळ्यांच्या वरची होती. चिठ्ठीवर कुणा मुलीच्या गोल अक्षरात लिहिलं होतं, 'हाउसकीपिंग, दुसरा मजला'. दुसऱ्या मजल्याला एकच बाई होती. ती माझी सख्खी आत्या होती, आणि शाळेत हे कुणालाही माहीत नव्हतं.

आमची शाळा कॉन्व्हेंट. नवी मुंबईतल्या एका सेक्टरात, पुढे टॉवर आणि मागे जुनं गाव. वर्गात रबाळ्याच्या कारखान्यांत कामाला जाणाऱ्यांची मुलं आहेत, गावातल्या बिल्डरांची आहेत, आयटीवाल्यांचीही आहेत. मी तिथं मराठी शिकवते. दरवर्षी गुड फ्रायडेच्या आठवड्यात शाळेच्या हॉलमध्ये पाय धुण्याचा विधी होतो. येशूनं शेवटच्या जेवणाच्या वेळी शिष्यांचे पाय धुतले, त्याची ती आठवण. पूर्वी फादर यायचे आणि बारा मुलांचे, घरून घासूनपुसून आणलेले गोरेगोमटे पाय धुऊन जायचे. आताच्या प्रिन्सिपल सिस्टर वसईकडच्या, बोलायला मऊ आणि वागायला कडक. त्यांनी आल्या आल्या ते बंद केलं. म्हणाल्या, ह्या इमारतीत सगळ्यांत जास्त ज्यांचे पाय चालतात, त्यांचे धुवायचे.

तेव्हापासून स्टेजवरच्या बारा खुर्च्यांवर सफाईच्या बाया, बसमधल्या मावश्या, वॉचमन आणि माळी बसतात. धुणारे आम्ही शिक्षक आणि नववीची मुलं. कुणी कुणाचे धुवायचे ते चिठ्ठीवर ठरतं. पण नुसतं पाणी ओतून मोकळं होता येत नाही. आधी एक दिवस त्या माणसाबरोबर त्याचं काम करायचं. मग पाय धुवायचे, आणि मग माइकवर तीन वाक्यं बोलायची. हे कोण, ह्यांचं काम काय, आणि आपल्याच शाळेत ह्यांच्यावर अन्याय कोणता होतो. शेवटी सिस्टर खुर्चीवरच्या माणसाला विचारतात, "बरोबर आहे का?" तो हो म्हणाला की तिसरं वाक्य वहीत उतरतं आणि जूनमध्ये शाळा उघडायच्या आत शाळेला ते दुरुस्त करावं लागतं. पँट्रीत सफाईवाल्यांचा वेगळा ग्लास खिळ्याला टांगलेला असायचा, तो पहिल्या वर्षी गेला. दुसऱ्या वर्षी तळमजल्यावरच्या टॉयलेटचं कुलूप निघालं.

काही पालकांना हे पटत नाही. आमच्या मुलांनी फरशी का पुसायची, असं विचारायला येतात. सिस्टर त्यांना बसवून चहा देतात आणि सांगतात की मार्क मिळवायला कुठलीही शाळा शिकवते. आमच्या शाळेतून बाहेर पडलेलं पोर ज्या जागी जाईल तिथं कुणाला खाली दाबलंय हे त्याला दिसलं पाहिजे. ते दिसणार नसेल, तर आम्ही रोज सकाळी प्रार्थना कशाला घेतो? मी हे भिंतीपलीकडून अनेकदा ऐकलं होतं. पटायचंही. दुसऱ्याला लागू असलेलं सगळंच आपल्याला पटतं.

आता माझं. आम्ही मराठवाड्यातले, बौद्ध. वडील रबाळ्याला कारखान्यात लागले आणि घणसोलीत खोली घेतली. आई मी चार वर्षांची असताना गेली. आत्याचा नवरा आधीच गेलेला, तिला मूलबाळ नव्हतं. ती आठ दिवस राहायला म्हणून आली आणि राहिलीच. मला शिकवलं तिनं, लोकांच्या इमारतींचे जिने पुसून. बी.एड.ला असताना माझ्या फाइली ती प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवायची, दमट हवेनं कागद खराब होऊ नयेत म्हणून. वडील गेल्यावर आम्ही दोघीच उरलो. आमचं आडनाव गावावरून पडलेलं, शेवटी 'कर' असलेलं. "तुमच्या आडनावावरून काही कळत नाही हां," असं गणिताच्या मॅडम एकदा स्टाफरूममध्ये म्हणाल्या होत्या. मी हसले होते. त्या हसण्यात मी जे कमावलं ते जपण्यात माझी पुढची वर्षं गेली. झाकली मूठ सव्वा लाखाची.

मग शाळेचा सफाईचा ठेकेदार बदलला आणि एका सकाळी दुसऱ्या मजल्याच्या व्हरांड्यात निळा कोट घातलेली आत्या समोरून आली. तिलाही साइटचं नाव नीट सांगितलेलं नव्हतं. मला बघून तिचा चेहरा उजळला, तोंड उघडलं. माझ्याबरोबर दोन शिक्षिका होत्या. मी नोटीसबोर्ड वाचायला लागले.

संध्याकाळी घरी तीच म्हणाली, मला म्हणावं लागू नये म्हणून. "मी तुला वळखत न्हाई, तू मला वळखू नको. ठेकेदाराला एका जागी दोन नातेवाईक चालत न्हाईत. मला कुठं जासईच्या कंटेनर यार्डात टाकील." ठेकेदाराचा नियम खरा होता, पण ते निमित्त होतं हे दोघींना माहीत होतं. त्यानंतर तीन वर्षं ती सहाला घर सोडायची आणि मी सातला. ती बसनं, मी शेअर रिक्षानं. एका गेटातून दोघी आत जायचो आणि मी तिला 'मावशी' म्हणायचे, बाकीच्यांसारखीच.

एक प्रसंग सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. स्टाफरूममध्ये माझ्याच हातून चहा सांडला. आत्या मॉप घेऊन आली. गणिताच्या मॅडमनी बोलता बोलता पाय वर उचलले, दुसऱ्या दोघींनी उचलले, आणि मीही उचलले. तिनं माझ्या चपलांखालून मॉप फिरवला आणि गेली. त्या रात्री तिनं मला नेहमीसारखंच जेवायला वाढलं. मला वाटलं, सुटले.

तर अशी मी, हातात ती चिठ्ठी घेऊन उभी. मला पहिल्यांदा वाटलं, सिस्टरना कळलंय. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तसं मला सगळीकडे दिसायला लागलं. त्याच मीटिंगमध्ये त्या म्हणाल्या होत्या की पाय धुतल्याची गोष्ट सगळ्यांच्या लक्षात असते, पण त्यातल्याच एका शिष्यानं त्याच रात्री शेकोटीपाशी उभं राहून 'मी ह्या माणसाला ओळखत नाही' असं तीनदा सांगितलं, ते कुणी आठवत नाही. हे बोलताना त्या माझ्याकडे बघत होत्या का? मी दोन दिवस तेवढ्यावरच विचार करत होते.

तिसऱ्या दिवशी धीर करून त्यांच्या केबिनमध्ये गेले आणि चिठ्ठी बदलून मागितली. त्यांनी विचारलं, का? मी म्हणाले, दुसरा मजला मला नेहमीचा आहे, काही नवं शिकायला मिळावं. त्यांनी चष्मा काढला, पुसला. "नेहमीचं आहे तेच आपण बघत नाही, मॅडम," एवढंच म्हणाल्या.

मंगळवारी कामाचा दिवस. साडेसातला मी निळा कोट घालून दुसऱ्या मजल्यावर उभी. आत्यानं मला 'नमस्ते मॅडम' केलं. मुलं यायला लागली होती, माझ्याकडे बघून हसत होती. तिनं मला मॉप पिळायला शिकवलं, जणू मी आयुष्यात कधी पिळलाच नव्हता. खरं तर बारावीच्या सुट्टीत मी तिच्याबरोबर ऐरोलीच्या एका टॉवरचे जिने पुसले होते. मी मुद्दाम चुकीचा पिळला. तिनं मुद्दाम दुरुस्त केला.

फिनाईलच्या पाण्याच्या बादल्या तळमजल्यावरून भरून आणाव्या लागतात. लिफ्टवर पाटी होती, हाउसकीपिंगनं वापरू नये. मी तीन वर्षं त्या लिफ्टनं जात होते आणि ती पाटी रोज वाचत होते. दुसऱ्या फेरीला जिन्याच्या वळणावर आत्यानं बादली खाली ठेवली आणि गुडघा दाबत भिंतीला टेकली. आजूबाजूला कुणी नव्हतं. तीन वर्षांत पहिल्यांदाच आम्ही शाळेच्या इमारतीत दोघीच उभ्या होतो.

"तुझा जीव घाबरायलाय, मला दिसायलंय," ती हळू म्हणाली. "नसंल जमत तर उद्या आजारी पड. म्हण ताप आला. मी काय बी बोलणार न्हाई."

मला इतकं हलकं वाटलं की लाज वाटली. मी विचार करते म्हणाले. तेवढ्यात वरून मुलं धडधडत आली आणि ती मोठ्यानं म्हणाली, "मॅडम, बादली एका हातानं नका उचलू, कंबर जाईल." मी तिचं ऐकलं, बादली दोन्ही हातांनी उचलली.

तापाचं निमित्त करायचं असं मी जवळजवळ ठरवलं होतं. का केलं नाही ते सांगता येत नाही. कदाचित एवढंच, की मी गैरहजर राहिले असते तर माझ्या जागी गणिताच्या मॅडमना बसवलं असतं, आणि त्यांच्या हातात आत्याचे पाय ही कल्पना मला सहन होईना. ते पाय मला माहीत होते. दर रविवारी मेणबत्तीचं मेण खोबरेल तेलात पातळ करून तिच्या टाचांच्या भेगांत मी भरते. तिला शुगर आहे. डॉक्टरांनी बजावलंय की पाय धुतले की बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या, नाहीतर जखम चिघळते.

हॉल भरलेला होता. नववीची मुलं पुढे जमिनीवर, मागे बाकीचे वर्ग, कडेला सगळा स्टाफ. आत्या सातव्या खुर्चीवर. माझ्या आधीच्या सहांचं होईपर्यंत पाठ केलेली तीन वाक्यं मी मनात फिरवत होते. पहिल्यात गाव, पण नातं नाही, दुसऱ्यात काम, तिसऱ्यात लिफ्ट. लिफ्टचं वाक्य खरं होतं, त्यामुळे त्याच्या आड लपता येत होतं.

मी गुडघ्यांवर बसले. तांब्यातलं पाणी ओतलं, ते पायांखालच्या तसराळ्यात पडलं. इतर सगळ्यांनी पाणी ओतून टॉवेल टेकवला होता आणि उठले होते. माझ्याकडून ते झालं नाही. भीतीनं डोकं बंद पडलं होतं आणि हातांनी त्यांच्या सवयीचं काम सुरू केलं. मी तिचा पाय उचलून मांडीवर घेतला, टॉवेल बाजूला तसाच राहिला, आणि पदरानं एकेक बेचकी पुसायला लागले. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत. ती पण विसरली. मी न सांगता तिनं दुसरा पाय पुढे केला आणि घरी म्हणते तसं म्हणाली, "पुरे माय, पदर भिजला."

माइक खुर्चीच्या शेजारीच होता. ते शब्द हॉलभर गेले.

पुढच्या रांगेतली दोनतीन मुलं हसली. मी वर बघितलं तर आत्याचा चेहरा पांढरा पडला होता. मी उठले, माइक घेतला आणि पाठ केलेलं घडाघडा म्हणून टाकलं. ह्या मावशी मराठवाड्यातल्या आहेत. ह्या दुसरा मजला सांभाळतात. हाउसकीपिंगला लिफ्ट वापरायला मनाई आहे आणि गुडघे दुखत असताना भरलेल्या बादल्या जिन्यानं न्याव्या लागतात, हे चूक आहे.

सिस्टरनी तिला विचारलं, "बरोबर आहे का?"

"बरोबर हाय, मॅडम," आत्या म्हणाली. आणि तिनं दोन्ही पाय, मी नुकतेच पुसलेले, खुर्चीखाली ओढून घेतले.

मला स्टाफरूम आठवली. मी पाय उचलले होते ती.

माइक सिस्टरच्या हातात गेला होता. मी तो परत मागितला. माझा आवाज असा कापत होता की मागच्या वर्गांना वाटलं असेल, माइक बिघडला. मी म्हणाले, "तिसरं वाक्य बदलायचंय. ही माझी आत्या आहे. हिनं मला वाढवलं. तीन वर्षं मी हिला ह्या शाळेत ओळख दाखवली नाही. हा अन्याय आहे."

टाळ्या वगैरे काही पडल्या नाहीत. सिस्टरनी नियमाप्रमाणे तिला पुन्हा विचारलं, बरोबर आहे का? आत्या खाली बघत राहिली. तिनं हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. मग सिस्टर आठव्या खुर्चीकडे गेल्या.

उरलेला दिवस मी कसा काढला मला आठवत नाही. स्टाफरूममध्ये गणिताच्या मॅडम म्हणाल्या, "आधी सांगायचं ना गं, आम्ही काय टेन्शन घेतलं असतं?" आणि डबा उचलून खिडकीकडे गेल्या, तिथं वारा बरा येतो म्हणाल्या. दुपारी ठेकेदाराचा माणूस येऊन ऑफिसात बसला होता. आत्याला आता द्रोणागिरीच्या गोदामावर पाठवतो म्हणत होता. सिस्टरनी त्याला, ती हललेली मला चालणार नाही, असं सांगितल्याचं मला नंतर कळलं. तोवर मी एकच विचार करत होते: आत्याची नोकरी गेली तर ती मी घालवली. खरं बोलून घालवली, एवढाच फरक.

घरी जायची भीती वाटत होती. आत्या माझ्या आधी पोचते. दार लोटलेलं होतं. ती कॉटवर बसली होती आणि तिच्या पायाशी तिची जुनी वायरची पिशवी होती, भरलेली. वर तिच्या दोन साड्या दिसत होत्या. मी पिशवी उघडली. साड्यांखाली शुगरच्या गोळ्या होत्या, गावातल्या चुलतभावाचा फोननंबर लिहिलेला कागद होता, आणि सगळ्यांत तळाशी खोबरेलाची बाटली आणि दोन अर्धवट मेणबत्त्या. ते घेतलंय म्हणजे ती थोड्या दिवसांसाठी जात नव्हती.

"हे आत्ता भरलंस?" मी विचारलं. मला वाटलं, मी सगळ्यांसमोर बोलले म्हणून रागावली.

"सकाळीच भरलंय. तू आंघोळीला गेलीस तवा."

मी खाली बसले. मग तीच बोलली, न रागावता, भाजी काय करायची ते सांगावं तसं.

"शाळेत वळखू नको, हे मीच म्हणले होते. ते चालत होतं. पण मी मनात म्हणलं, पाय हातात घेऊन बी ती न्हाई म्हणली, तर मग घरात तरी कशी वळखंल? मला बरोबर हाय म्हणावं लागलं ना, तवा मी गेलेच होते ग माय. गाडी धरायची तेवढी राहिली होती."

मला इतके दिवस वाटत होतं की घाबरलेली मी आहे. मी घाबरत होते ते स्टाफरूममधल्या एका खुर्चीसाठी. ती तीन वर्षं कशाला घाबरत होती ते मी एकदाही विचारलं नव्हतं. विचारलं तेव्हा म्हणाली, "तुलाच की." मी तिचे पाय धरून रडले. तिनं रडू दिलं, आणि मग म्हणाली की उठ, कुकर लाव.

साड्या मीच कपाटात ठेवल्या. मेणबत्त्या खिडकीत नेहमीच्या जागी ठेवल्या. पिशवी परत भरू नको, असं म्हणाले. ती म्हणाली, "बघू."

जूनमध्ये लिफ्टवरची पाटी निघाली. वहीत दोन्ही वाक्यं उतरली होती, लिफ्टचंही आणि, आत्यानं हो म्हटलं नव्हतं तरी, दुसरंही. दुसऱ्याच्या पुढे सिस्टरनी 'दुरुस्त झालं' असं अजून लिहिलेलं नाही, आणि मी त्यांना लिहा म्हणत नाही. गणिताच्या मॅडम अजून खिडकीपाशीच जेवतात. आत्या आणि मी एका रिक्षानं जातो आणि गेटातून बरोबर आत शिरतो. तिथं पोचेपर्यंत रोज माझ्या छातीत धडधडतं, ते काही गेलेलं नाही.

वायरची पिशवी कॉटखाली असते. टाकून दे म्हटलं तर आत्या म्हणते, असू दे, कामाला येते. रोज सकाळी ती आंघोळीला गेली की मी वाकून बघत नाही, बघवत नाही. नुसती पायानं ढकलते. हलकी लागली की मग आमचे दोघींचे डबे भरायला घेते.